हिरवा ई. कोलाय कुणी पाहिलाय?

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पंचवटीतल्या तुमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी ‘आपल्या आतड्यातले जिवाणू’ असं पोस्टर करायचंय. मुलांनी इंटरनेटवरून भरपूर चित्रं उतरवून घेतली. एकात ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू हिरवागार आहे, दुसऱ्यात जांभळा, तिसऱ्यात त्याच्या अंगभर केस आहेत आणि चौथ्यात नुसती फिकट गुलाबी काडी आहे. यातलं खरं कोणतं, पोस्टरवर काय लावावं आणि शाळेच्या मायक्रोस्कोपमधून मुलांना जिवाणू प्रत्यक्ष दाखवता येतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं नाशकात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसाला कितीतरी स्लाइड डोळ्यांखालून जातात, त्यात पावसाळ्यात जुलाबाच्या रुग्णांच्या नमुन्यांची रीघच लागते. तेव्हा आधी सरळ उत्तर देते. आतड्यातल्या बहुतेक जिवाणूंना स्वतःचा रंग नसतो. ते पाण्यासारखे पारदर्शक असतात. तुमच्या चौथ्या चित्रातली गुलाबी काडी मायक्रोस्कोपमधून खरोखर तशीच दिसते, पण तो गुलाबी रंग आम्ही घातलेल्या रंगद्रव्याचा. हिरवा आणि जांभळा रंग बहुधा कॉम्प्युटरवर चढवलेला असणार. केसाळ चित्र कुणा चित्रकाराने काढलेलं आहे. म्हणून त्या चित्राला टाकाऊ म्हणता येणार नाही, फक्त ते तपासून घ्यायला हवं.

आता सविस्तर सांगते, कारण मुलांना नुसतं ‘हे बरोबर, ते चूक’ सांगून भागणार नाही. चित्र कसं तयार झालं हे कळलं, तर पुढचं प्रत्येक चित्र मुलं स्वतः पारखतील.

साध्या मायक्रोस्कोपपासून सुरुवात करू. शौचाचा कणभर नमुना सलाइनच्या थेंबात कालवून, वर कव्हरस्लिप ठेवून पाहिला, तर जिवाणू दिसतात ते राखाडी, काचेसारखे ठिपके आणि काड्या. त्यातल्या काही जागच्या जागी थरथरत असतात. ती थरथर त्यांच्या पोहण्याची नसते, पाण्याचे रेणू त्यांना सतत धडकत असतात म्हणून होते. खरोखर पोहणारा जिवाणू शेजाऱ्यांना ओलांडून एका दिशेने जातो, थांबतो, गिरकी घेतो आणि दुसरीकडे निघतो. नवशिक्या विद्यार्थ्याला हा फरक कळायला महिना जातो. कॉलराचा जिवाणू लटकत्या थेंबात पाहिला, तर तुटत्या ताऱ्यासारखा सर्रकन निघून जातो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नुसती बघतच राहिले होते. कोणत्याही छापील चित्रात ही चाल येत नाही.

पारदर्शक वस्तू नीट दिसावी म्हणून रंग द्यावा लागतो. हान्स क्रिस्तिआन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये बर्लिनमध्ये शोधलेली पद्धत आम्ही आजही रोज वापरतो. न्यूमोनियाने दगावलेल्या माणसांच्या फुप्फुसात जिवाणू वेगळे उठून दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. स्लाइडवर आधी क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं आणि शेवटी सॅफ्रानिन. ज्यांची भिंत जाड आहे ते जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची भिंत पातळ आहे आणि बाहेरून आणखी एक आवरण आहे, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलने धुऊन जातो आणि ते सॅफ्रानिनचा गुलाबी रंग घेतात. ई. कोलाय या दुसऱ्या गटातला. अल्कोहोल दोन-चार सेकंद जास्त राहिलं, तर जांभळ्या गटातलेही गुलाबी दिसायला लागतात. म्हणजे स्लाइडवरच्या रंगातही स्लाइड करणाऱ्याचा हात असतोच.

इथे माझा एक अनुभव सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी शिकवण्यासाठी म्हणून शौचाच्या ग्राम स्टेनचा फोटो घेतला आणि गुलाबी काड्यांना बाण काढून खाली ‘ई. कोलाय’ असं लिहिलं. आमच्या वरिष्ठ मॅडमनी फोटो हातात घेतला आणि एवढंच विचारलं, “हे तुला कशावरून कळलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. साल्मोनेला गुलाबी काडी, शिगेला गुलाबी काडी, क्लेब्सिएला गुलाबी काडी, आणि आतड्यात ज्याची संख्या ई. कोलायच्या कितीतरी पट असते तो बॅक्टेरॉइड्सही गुलाबी काडीच. नुसत्या रूपावरून नाव सांगता येत नाही. म्हणून तर आम्ही नमुना मॅकॉन्की अगर या जिवाणू वाढवण्याच्या खाद्यावर लावतो. ई. कोलाय त्यातलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरतो आणि त्याच्या वसाहती गुलाबी उगवतात, साल्मोनेला आणि शिगेलाच्या वसाहती रंगहीन राहतात. त्यानंतरही आणखी चाचण्या कराव्या लागतात, तेव्हा रिपोर्टवर नाव येतं. इंटरनेटवर मात्र एकच चित्र एका ठिकाणी ‘ई. कोलाय’, दुसऱ्या ठिकाणी ‘साल्मोनेला’ आणि तिसऱ्या ठिकाणी ‘चांगले जिवाणू’ या नावाने सर्रास विकलं जातं. मुलांना सांगा, चित्राखाली नाव असेल तर ते नाव कुणी आणि कसं ठरवलं हे शोधा. ते सापडत नसेल, तर पोस्टरवर नुसतं ‘काडीच्या आकाराचे जिवाणू’ असं लिहा. ते निश्चित खरं असेल.

साध्या मायक्रोस्कोपला एक मर्यादा आहे आणि भिंग कितीही भारी आणलं तरी ती ओलांडता येत नाही. प्रकाशाच्या लहरीच्या लांबीमुळे सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी हे १८७३ मध्येच मांडलं. ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद असतो. म्हणजे तो दिसतो, पण त्याच्या अंगावरचं बारीक काही दिसत नाही. त्याची कशाभिका, म्हणजे ज्या शेपटीने तो पोहतो ती, सुमारे २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) जाड असते. खास रंगलेपन करून ती फुगवल्याशिवाय नेहमीच्या स्लाइडवर ती दिसणारच नाही. त्यामुळे ‘मायक्रोस्कोपखालचा ई. कोलाय’ असं लिहिलेल्या रंगीत चित्रात एकेक शेपटी सुबक दिसत असेल, तर ते चित्र साध्या मायक्रोस्कोपमधलं नाही हे लगेच ओळखावं.

अशी चित्रं देतो तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती बनवली आणि रुस्कांना त्यासाठी १९८६ मध्ये नोबेल मिळालं. यात प्रकाशच नसतो, इलेक्ट्रॉनचा झोत असतो. जिथे प्रकाश नाही तिथे रंग कुठून येणार? यंत्रातून बाहेर येणारं प्रत्येक चित्र काळं, पांढरं आणि राखाडी असतं. हिरवा, केशरी, निळा हे रंग नंतर माणसाने भरलेले असतात. बऱ्याचदा त्यामागे प्रामाणिक कारण असतं. पेशी एका रंगात आणि जिवाणू दुसऱ्या रंगात दाखवला, तर पाहणाऱ्याला पटकन उमगतं. चांगल्या संस्था चित्राखाली तसं स्पष्ट लिहितातही. ती ओळ गाळून चित्र पुढे पुढे फिरत राहतं आणि चार हात फिरल्यावर लोकांना वाटायला लागतं की ई. कोलाय हिरवाच असतो.

शिवाय या यंत्रात पोकळी असते, ओली वस्तू तिथे टिकत नाही. म्हणून नमुना आधी ग्लुटराल्डिहाइडमध्ये पक्का करतात, अल्कोहोलच्या वाढत्या पायऱ्यांनी त्यातलं पाणी काढतात, खास रीतीने वाळवतात आणि वर सोन्याचा अतिशय पातळ थर देतात. म्हणजे जी देखणी, गोळीसारखी टपोरी आकृती आपण पाहतो, ती वाळवलेल्या, किंचित आकसलेल्या आणि सोन्याने मढवलेल्या मृत जिवाणूची असते. दुसऱ्या प्रकारात जिवाणूचे शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ काप घेतात आणि जड धातूंचे क्षार देऊन आतली रचना पाहतात. त्यात ई. कोलाय काडीसारखा न दिसता कधी गोल, कधी लंबगोल दिसतो, कारण काप आडवा-तिरका गेलेला असतो. मुलांना काकडीच्या चकत्या कापून दाखवा, क्षणात समजेल.

आता हाताने काढलेल्या चित्रांकडे येते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याविषयी, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच आहेत आणि लोकांच्या मनावर ठसतात तीही हीच चित्रं.

तुमच्या मुलांनी उतरवलेल्या चित्रांमध्ये एक तरी चित्र असं असेलच : गुलाबी रंगाची, बोटांसारखी वर आलेली टोकं आणि त्यांच्या मधोमध लोळणाऱ्या हिरव्या-निळ्या काड्या. खाली शीर्षक ‘आतड्यातले जिवाणू’. ती बोटं म्हणजे व्हिलाय. अन्नरस शोषून घेण्यासाठी ते लहान आतड्यात असतात. मोठ्या आतड्यात व्हिलाय नसतातच, तिथलं अस्तर सपाट असतं आणि त्यात खाली उतरणाऱ्या बारीक विहिरींसारख्या खाचा असतात. आणि जिवाणूंची खरी वस्ती आहे मोठ्या आतड्यात. लहान आतड्याच्या वरच्या भागात एका मिलिलिटरमध्ये जेमतेम हजार-दहा हजार जिवाणू, तर मोठ्या आतड्यात एका ग्रॅमला शंभर अब्जांच्या घरात. म्हणजे त्या चित्रात गर्दी एका गावची आणि घरं दुसऱ्या गावची. पाठ्यपुस्तकांपासून प्रोबायोटिकच्या खोक्यांपर्यंत मी हे चित्र पाहत आले आहे आणि दर वेळी मला ते खटकतं.

दुसरी चूक याहून खोल आहे. चित्रात जिवाणू थेट पेशींना चिकटलेले दाखवतात. निरोगी मोठ्या आतड्यात पेशी आणि जिवाणू यांच्यामध्ये श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर असतो. त्याचा पेशींलगतचा आतला भाग घट्ट असतो आणि जवळजवळ जिवाणूमुक्त असतो. ही गोष्ट इतकी वर्षं का लक्षात आली नव्हती, याचं कारण तुमच्या विषयाशी फार जवळचं आहे. हॉस्पिटलात ऊतींचे नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवतात. फॉर्मालिनमध्ये पाणी असतं, त्यात हा थर कोसळतो आणि धुऊनही जातो. मग स्लाइडवर जिवाणू थेट पेशींवर बसल्यासारखे दिसतात. कार्नॉय नावाचं द्रावण अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि अॅसेटिक अॅसिडचं असतं. त्यात पाणी नसल्यामुळे थर टिकतो. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदराच्या मोठ्या आतड्याचे असे काप घेतले आणि त्यात जिवाणू चमकावणारी रंगद्रव्यं वापरली. तेव्हा पेशी एकीकडे, चमकणारे जिवाणू दुसरीकडे आणि मधे स्वच्छ काळा पट्टा असं दृश्य दिसलं. नमुना कोणत्या बाटलीत ठेवला, यावर चित्र बदललं आणि चित्र बदलल्यावर समजही बदलली. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते.

तिसरी गोष्ट मापाची. यासाठी मुलांकडून एक गणित करून घ्या. एक मायक्रोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर असं प्रमाण धरा. ई. कोलाय झाला दोन सेंटिमीटर, म्हणजे भुईमुगाच्या मोठ्या दाण्याएवढा. त्याची कशाभिका पाच-दहा सेंटिमीटर लांब, पण जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर, शिवणाच्या दोऱ्यासारखी. त्याच्या अंगावर ज्या बारीक फिंब्री, म्हणजे केसांसारखे तंतू, असतात त्या या प्रमाणात ०.०७ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाएवढ्या. आतड्याच्या अस्तराची एक पेशी वीस-पंचवीस सेंटिमीटर उंच, मोठ्या वहीएवढी. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ सेंटिमीटर, तळहातावर मावणारी. श्लेष्माचा थर दोनशे मायक्रोमीटर धरला, तरी दोन मीटर, वर्गाच्या दाराएवढा. आणि लहान आतड्यातला एक व्हिलस? अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात पाच ते दहा मीटर, तुमच्या शाळेच्या इमारतीएवढा. आता ते चित्र पुन्हा पाहा. त्यात जिवाणू व्हिलसच्या निम्म्या उंचीचा काढलेला असतो. भुईमुगाचा दाणा इमारतीच्या निम्म्या उंचीचा दाखवावा तसं ते आहे.

मला विचाराल तर पोस्टर करण्याऐवजी हेच करा. वर्गाच्या भिंतीवर तळाशी पेशींची रांग काढा, वर दोन मीटर पट्टा रिकामा सोडा आणि त्याच्यावर भुईमुगाच्या दाण्याएवढे कागदी जिवाणू दाटीवाटीने चिकटवा. प्रदर्शनाला येणाऱ्या पालकांच्या हे कायम लक्षात राहील.

कोणते जिवाणू चिकटवायचे, हाही प्रश्न आहे. सगळीकडे ई. कोलायच असतो, म्हणून लोकांना वाटतं की आतडं म्हणजे ई. कोलायचं घर. निरोगी माणसात तो एकूण जिवाणूंच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञांनी तान्ह्या मुलांच्या शौचातून तो शोधला आणि १८८५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो हवेत वाढतो, चांगलं खाद्य मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, सांभाळायला सोपा. म्हणून प्रयोगशाळांचा तो लाडका झाला आणि त्याची चित्रंही सर्वाधिक झाली. बहुसंख्य रहिवाशांना मात्र प्राणवायू सोसत नाही, उघड्यावर आणताच त्यांतले कित्येक मरतात. त्यामुळे त्यांचे फोटो कमी. बॅक्टेरॉइड्सच्या आखूड काड्या, फीकॅलिबॅक्टेरियम, बीजाणू धरणारे क्लॉस्ट्रिडियम गटातले, जोडीजोडीने राहणारे एन्टरोकॉकस अशी सरमिसळ काढा. बायफिडोबॅक्टेरियम काढायला मुलांना फार आवडेल, कारण तो टोकाशी दुभंगलेला, बेचक्यासारखा असतो. आँरी तिसिए यांना तो पॅरिसमध्ये अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात सापडला, १८९९ च्या सुमारास. ‘बायफिड’ या शब्दाचा अर्थच दुभंगलेला. हेलिकोबॅक्टर पायलोरी, एका टोकाला शेपट्यांचा झुबका असलेला नागमोडी जिवाणू, या भिंतीवर नको. दिसायला आकर्षक म्हणून तो आतड्याच्या चित्रांत घुसवतात, पण तो जठरात राहतो. तसंच शिगेलाला शेपटी काढू नका. त्याला कशाभिका नसतात, तो पोहतच नाही.

नाशकात ई. कोलायचं नाव लोकांना वेगळ्या कारणाने माहीत आहे. सिंहस्थ आला की गोदावरीच्या पाण्याच्या तपासणीची चर्चा होते आणि त्यात हे नाव येतंच. पाण्यात ई. कोलाय सापडणं म्हणजे त्यात विष्ठा मिसळल्याची खूण. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो अजिबात सापडता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. आतड्यात त्याची जागा आहे, पेल्यात नाही. हे दोन्ही एका पोस्टरवर आणायचं असेल, तर दोन वेगळ्या चौकटी करा. नाही तर पाहणारा एवढंच घेऊन जातो की आतड्यात घाण जंतू असतात.

आणि तो तसं घेऊन जातो, हे मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एक आजी आमच्याकडे शौचाची तपासणी करायला आल्या. एका दवाखान्यात त्यांनी दात विचकणाऱ्या हिरव्या जंतूंचं मोठं चित्र पाहिलं होतं. रिपोर्ट घेताना मला म्हणाल्या, “बाई, पोटातले समदे जंतू मरतील अशी गोळी लिहून द्या.” त्यांच्या रिपोर्टमध्ये आजाराचं काही नव्हतं. घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या त्यांनी दोन दिवस घेतल्याही होत्या आणि त्यानंतरच त्यांचं पोट बिघडलं होतं. मी त्यांना जवळ बसवलं, मायक्रोस्कोपमधून दह्याची स्लाइड दाखवली आणि सांगितलं, की हेही जंतूच आहेत आणि तुम्ही जन्मभर खाल्लेत. त्या हसल्या आणि गोळ्या बंद करते म्हणाल्या. तेव्हापासून चित्राच्या बाबतीत मी फार काटेकोर झाले. सर, कृपा करून मुलांना जिवाणूंना डोळे आणि दात काढू देऊ नका.

पोस्टरवर आकडा द्यायचाच असेल, तर ‘आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू’ आणि ‘दोन किलो जिवाणू’ ही जुनी वाक्यं टाळा. २०१६ मध्ये सेंडर, फुक्स आणि मिलो या संशोधकांनी नव्याने हिशेब केला. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी, म्हणजे जवळपास बरोबरी. वजन सुमारे २०० ग्रॅम.

चांगलं चित्र कसं असतं, याचा नमुना म्हणून डेव्हिड गुडसेल यांनी जलरंगात काढलेला ई. कोलायचा छेद मुलांना जरूर दाखवा. ते स्वतः रेणूंच्या रचनेचे अभ्यासक आहेत. त्यात प्रत्येक रेणू मोजमापाने काढलेला आहे आणि पाहताक्षणी कळतं की जिवाणू आतून रिकामी पिशवी नाही, बाजाराच्या दिवशीच्या रविवार कारंजा चौकासारखी खच्चून भरलेली जागा आहे. रंग त्यांनी निवडलेले आहेत, पण माप आणि गर्दी खरी आहे. हाताने काढलेलं चित्र फोटोपेक्षा कमी खरं असतं असं मी मानत नाही. लेवेनहूक या डच संशोधकाने १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातले जीव पाहून लंडनला पत्र लिहिलं, त्यासोबतही चित्रंच होती. त्याला स्वतःला चांगलं चित्र काढता येत नसे, म्हणून तो चित्रकाराकडून काढून घेई. १८७७ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंचे पहिले फोटो छापले, तरी आजही आतड्यातली पूर्ण वस्ती एका नजरेत दाखवायची तर चित्रकारच लागतो.

तयार फोटो हवे असतील, तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं सार्वजनिक चित्रसंग्रहालय पाहा. तिथले बहुतेक फोटो कुणालाही मोफत वापरता येतात आणि प्रत्येकाखाली नमुना, पद्धत आणि रंग नंतर भरलाय का, हे लिहिलेलं असतं. विकिमीडिया कॉमन्सवरही पुष्कळ आहेत, फक्त परवान्याची ओळ वाचून श्रेय द्या. ‘१०,००० पट मोठं’ असा आकडा मात्र पोस्टरवर लिहू नका. फोटो मोबाइलवर पाहिला, कागदावर छापला, फ्लेक्सवर ताणला, की तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी फोटोतच मापाची रेघ असलेला फोटो निवडा. चित्र ताणलं की रेघही तेवढीच ताणली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रं तर अजिबात नकोत. त्यांत काडी, शेपट्या, व्हिलाय आणि विषाणूचे काटे यांची खिचडी झालेली मी पाहिली आहे.

आता शाळेचा मायक्रोस्कोप. शौचाचा नमुना शाळेत आणायचा नाही, तिथे तडजोड नको. बुरशी-जिवाणू वाढवण्याच्या प्लेट्सही नकोत. दही घ्या. घरचं, आदल्या रात्री विरजलेलं. वरची घट्ट साय न घेता दह्याचं सुटलेलं पाणी घ्या, कारण सायीतल्या चरबीच्या गोळ्या सगळं झाकून टाकतात. त्याचा अर्धा थेंब स्वच्छ स्लाइडवर घ्या, थेंबभर पाणी घाला, काडीने पातळ पसरा आणि वाळू द्या. मग चिमट्यात धरून स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा झरझर फिरवा, हे तुम्ही स्वतः करा. स्लाइड हाताला सोसेल इतकीच गरम व्हायला हवी. त्यावर मेथिलीन ब्लू एक मिनिट ठेवून हलक्या पाण्याने धुवा. शाळेत चाळीस पटीचं भिंग असतं, दहाच्या डोळ्याजवळच्या भिंगाबरोबर एकूण चारशे पट. त्यात बारीक निळ्या काड्या आणि मण्यांसारख्या माळा दिसतील. शंभर पटीचं तेलाचं भिंग असेल, तर फारच छान. खालचा झरोका आधी थोडा बंद करून उजेड कमी करा, बहुतेक जण भसाभस उजेड टाकतात आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात.

फोल्डस्कोप हा घडीचा कागदी मायक्रोस्कोप शाळेत असेल, तर तो कांद्याच्या सालीला आणि तळ्याच्या पाण्याला उत्तम. पण तो सुमारे १४० पट मोठं दाखवतो आणि साधारण दोन मायक्रोमीटरपर्यंतचाच तपशील देतो. जिवाणूंसाठी त्यावर अवलंबून राहिलात, तर मुलं हिरमुसतील.

दह्याची स्लाइड दिसली की फोटो काढण्याआधी प्रत्येकाला पेन्सिलने चित्र काढायला लावा. वहीत एक वर्तुळ, आणि त्यात जे दिसतं तेवढंच. माळेत सात मणी असतील तर सातच. खाली या ओळी लिहून घ्या : ‘घरच्या दह्याच्या पाण्यातले जिवाणू. मेथिलीन ब्लूने रंगवलेले, मूळचे रंगहीन. ४०० पट भिंगातून पाहून हाताने काढलेले.’ पुढे तारीख आणि काढणाऱ्याचं नाव. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांखालीही याच ओळी भरता येतात का ते मुलांना पाहू द्या आणि ज्यांच्याखाली भरता येतील तीच भिंतीवर लावा.